एक्याण्णव सालची दुनळी

"साहेब, हे सोळा कसलं?" टंकलेखक बाईंनी विचारलं, आणि मी नोंदवहीवरून नजर न काढता, गेली तीस वर्षं ज्या आवाजात लोकांच्या चुका काढत आलो त्याच आवाजात म्हणालो, "सोळा नाही, एक्याण्णव. तुम्ही उलटीकडून बघताय." बाई माझ्या समोर बसतात. नोंदवही माझ्यापुढे उघडी असते, मी एकेक रकाना वाचतो आणि त्या तो संगणकावर उतरवून घेतात. जुन्या वह्या निकालात काढायचा हुकूम वरून आलाय, म्हणून दोन आठवडे आमचा हा पाढे म्हणायचा वर्ग चाललाय. "असेल बाई," त्या म्हणाल्या, "मला आपलं गोलात सोळा दिसलं," आणि त्यांनी एक्याण्णव टाइप केलं. दोन कळांचा आवाज मी ऐकला. "गोलात?" मी विचारलं. "हो की. बारीक गोल आहे ना भोवती, अर्धा पुसलेला." मला गोल दिसत नव्हता. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी दिसेना. मग ताटातली भाजी आपल्याकडे यावी म्हणून माणूस ताट फिरवून घेतो तशी मी वही हळूच फिरवली, आणि तिथे इंग्रजी आकड्यांत सोळा होतं.

मी परवाना कार्यालयात शस्त्रपरीक्षक आहे. लोक वाडवडिलांच्या बंदुका घेऊन येतात, मी त्या उलगडतो, नळ्यांच्या पोटाशी ठोकलेल्या खुणा वाचतो आणि बंदूक कुठली, कधीची, कितीच्या काडतुसाची, आज उडवायला योग्य की अयोग्य, ते लिहून खाली सही करतो. खुणा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं. जुन्या जर्मन बंदुकांवर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक मुकुट असतो. मुकुटाखाली यू म्हणजे तपासली, एस म्हणजे छर्‍यांची, डब्ल्यू म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं, गोलातला आकडा म्हणजे काडतुसाची जाडी. आणि मुकुटाखाली एन असेल तर ती नायट्रोची, म्हणजे बिनधुराच्या, आजच्या दारूसाठी पारखलेली. एन नसेल तर ती काळ्या दारूची. काळी दारू गोळीला ढकलते, बिनधुराची लाथ मारते, असं माझे उस्ताद सांगायचे. काळ्या दारूच्या म्हातार्‍या नळीत आजचं काडतूस घातलं तर एखादे वेळी काही होत नाही, दहा वेळा काही होत नाही, आणि अकराव्या वेळी नळी फाटते. फाटते ती मागे नाही, पुढे, जिथे उडवणार्‍याचा डावा हात असतो.

वही फिरवलेलीच होती. चिकटपट्टीवर पेन्सिलीच्या शिशाने उठवलेल्या खुणा मी आता सुलट वाचत होतो. एक्याण्णव हे सोळा होतं. ज्याला मी बंदूक करणार्‍या कारागिराच्या नावातला एम समजलो होतो तो डब्ल्यू होता. एस उलटा केला तरी एसच राहतो, त्यामुळे त्या हलकटाने मला दोन्ही वेळा दिलासा दिला. आणि ज्याला मी एन म्हटलं होतं, झिजलेल्या एनची मधली तिरपी रेघ आधी जाते असं स्वतःला समजावून म्हटलं होतं, तो पालथा पडलेला यू होता. अक्षरांच्या खाली मला गंजाचे डाग दिसले होते. ते डाग नव्हते, मुकुट होते. शेजारच्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, जर्मन दुनळी, सन १८९१, कारागीर 'एम', पुढे नायट्रोसाठी पुन्हा पारखलेली, वापरण्यास योग्य. पोराने कॉपी करावी आणि तीही दुसर्‍याच विषयाच्या पेपराची, तसं ते झालं होतं. ती बंदूक माझ्या व्याह्यांची होती, आणि आज सकाळी व्याही आणि माझे जावई ती पहिल्यांदा उडवायला नेमबाजीच्या मैदानावर गेले होते.

मग मी काय केलं तर हात धुवायला गेलो. हे मला सांगायला लाज वाटते, म्हणूनच आधी सांगतो. कुणीही शहाणा माणूस फोनकडे धावला असता. मी बेसिनपाशी उभा राहून साबणाची वडी दोन्ही तळव्यांत फिरवत राहिलो आणि विचार केला तो सहीचा. निवृत्तीला तीन महिने उरलेत. खालच्या मजल्यावरचे लोक अजून म्हणतात, साहेबांनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बंदूक फुटलीच नाही तर? शंभरातल्या नव्वद फुटत नाहीत. संध्याकाळी जाऊन गोडीगुलाबीने ती परत मागून घेता येईल, घोडा जरा ढिला वाटतो म्हणून सांगता येईल, पट्टी काढून सुलट लावता येईल, बाईंना एक्याण्णव खोडायला सांगता येईल. चूक कपाटात, किल्ली खिशात. आरशात माझाच चेहरा माझ्याकडे बघत होता आणि डाव्या बाजूला, जिथे गेली तीन वर्षं दूध सांडल्यासारखं पांढरं धुकं आहे, तिथे अर्धा चेहरा नव्हताच. मी नळ बंद केला. किती वेळ गेला होता कोण जाणे. त्या वेळात दोन काडतुसं सहज भरून होतात.

व्याह्यांचा फोन बंद होता. जावयांचाही. मुलीने उचलला. "अगं, ते दोघं कुठे आहेत?" "बाबा, मैदानावर. सकाळी नवालाच निघाले. सासरे तर लहान मुलासारखे झालेत नुसते. का हो?" "फोन लागत नाही." "तिथे फोन गेटवरच जमा करतात ना. काही काम होतं का?" मी नाही म्हणालो. पोटच्या पोरीला नाही म्हणालो! तिच्या आवाजात कुकरची शिट्टी मिसळली, आणि ती म्हणाली, "बरं मग ठेवते, जेवून घ्या वेळेवर."

मैदानाच्या कचेरीत एका कारकुनाने फोन घेतला. मी परवाना कार्यालयातून बोलतोय म्हटल्यावर तो एकदम अदबीने बोलायला लागला. "तुमच्याकडे आज एक जुनी जर्मन दुनळी आलीय," मी म्हणालो, "ती जरा थांबवा. कागदांत थोडी गडबड आहे." "कसली गडबड साहेब?" इथे एक वाक्य होतं. मी खूण उलटी वाचली, नळी फुटेल, त्यांना थांबवा. एवढंच. तोंडात आलंही होतं. "आकड्याची," मी म्हणालो. "बरं. कागदावर सही कुणाची आहे?" "माझीच." तो मोकळेपणाने हसला. "मग झालं तर! तुमची सही असल्यावर कसली आलीय गडबड! दुरुस्ती संध्याकाळपर्यंत पाठवा, मी लावून घेतो फायलीला." फोन ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा लावला तर लागेना, पुन्हा लावला तर लागेना. बाई माझ्याकडे बघत होत्या. "साहेब, बरं नाही का वाटत?" मी म्हणालो, "बाई, ते सोळाच आहे," आणि जिना उतरलो.

टॅक्सीवाल्याला मी कुठे जायचं ते सांगितलं आणि लवकर चला म्हणालो, तर तो म्हणाला, लवकर जायला रस्ता कुणाच्या बापाचा आहे. खरं होतं. पुढे एक माल उतरवणारा ट्रक आडवा लागला होता आणि त्यातून एकेक करत खुर्च्या उतरत होत्या, लग्नकार्याला लागतात तसल्या, एकावर एक. डोळ्यांपुढे त्या खुर्च्या आणि डोक्यात ती संध्याकाळ. दोन महिन्यांपूर्वी व्याही घोंगडीत गुंडाळून बंदूक घरी घेऊन आले होते. व्याही मोठे कंत्राटदार, बोलणं असं की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी उत्तर द्यावं. त्यांच्यापुढे मी नेहमी अर्धा इंच बुटका होतो. ते माझ्या नोकरीला कौतुकाने 'तुमचं ते खुणाखुणांचं खातं' म्हणायचे. त्या संध्याकाळी मात्र ते याचक होते. "बघा तरी, आजोबांची आहे, नळीवर नावही आहे कंपनीचं." मी हसलो. काय ते हसणं माझं! "ते पोलादाच्या कारखान्याचं नाव, व्याही. बंदूक करणार्‍याचं नव्हे. सगळे इथेच फसतात." त्यांचा चेहरा पडला, आणि मला बरं वाटलं. मला फार बरं वाटलं.

जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून मी नळ्या काढल्या. आधी हात, मग डोळा, मग तोंड, असा उस्तादांचा क्रम होता. ते नळी डोळे मिटून बोटांनी चाचपायचे आणि अर्धा दिवस काही बोलायचेच नाहीत; गिर्‍हाईक वैतागून जायचं, पण दुसर्‍या दिवशी परत यायचं. मी त्या दिवशी क्रम उलटा केला. दिवा पलीकडे होता म्हणून नळ्याही उलट्या ठेवल्या, तोंड माझ्या उजव्या हाताला. पोलादावरची खूण मला आता दिसत नाही, पोलाद चकाकतं आणि धुकं आणखी पांढरं होतं, आणि एकट्या उजव्या डोळ्याला तेवढं बारीक पेलत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ही युक्ती काढली, खुणेवर शिसं घासायचं, चिकटपट्टी दाबायची, उचलून पांढर्‍या कागदावर लावायची. कार्यालयात त्याचं केवढं कौतुक झालं. नवी पद्धत म्हणून वरच्या साहेबांनी शाबासकी दिली. आंधळ्याची काठी होती ती, पण मी ती राजदंडासारखी मिरवली. पट्टी कागदावर लावली आणि व्याही माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "काय म्हणतेय?" त्यांच्या श्वासाला वेलचीचा वास होता. मी म्हणालो, "थांबा, म्हणतेय," आणि पहिलं जे दिसलं ते उच्चारलं, "एक्याण्णव. अठराशे एक्याण्णव." "काय सांगता!" ते ओरडले. त्या ओरडण्यानंतर मला मागे फिरता आलं नाही. त्या सालात नायट्रोची खूण असणं शक्य नाही हे मला झोपेतही माहीत आहे, म्हणून ती पुढे कधीतरी कुणीतरी पुन्हा पारखायला पाठवली असणार असं मी ठरवलं. काडतुसाचा आकडा सापडत नव्हता, तर तो झिजला असणार. एम दिसला, तर त्या अक्षराचा एक घरंदाज कारागीर जर्मनीतल्या कुठल्यातरी गावात असणार. बसल्या बैठकीला मी त्या बंदुकीची कुंडली मांडली आणि व्याही लहान पोरासारखे तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. "म्हणजे आजची काडतुसं चालतील?" "खुशाल," मी म्हणालो. जावई हसत म्हणाले, "बाबा, मग पहिला बार मी काढणार हं." ते दातांचे डॉक्टर आहेत. बोटं लांब, स्वच्छ, नखं बारीक कापलेली. मुलीने पहिल्यांदा त्यांच्याबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाली होती, बाबा, त्यांचा हात इतका हलका आहे की म्हातार्‍या माणसांना दात गेल्याचं कळतसुद्धा नाही.

खुर्च्या संपल्या आणि टॅक्सी हलली. मी खिडकीला डोकं टेकवलं. बायकोला माहीत आहे, हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं की मी दचकलो. चाळीस वर्षं ती सुई आणि दोरा माझ्या हातात देऊन म्हणायची, ओवा हो तेवढी, तुमची नजर घारीची. गेल्या वर्षापासून ती सुई घेऊन शेजारणीकडे जाते. मला काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. चहाचा कप ती माझ्या उजव्या बाजूला ठेवते. आमच्या घरात एक अख्खा आंधळा माणूस राहतोय आणि आम्ही दोघं त्याला पाहुण्यासारखं सांभाळतोय. डोळा दाखवला असता तर शस्त्रक्रिया झाली असती, पंधरा दिवस रजा पडली असती, शेरा बसला असता, परीक्षकाचं टेबल दुसर्‍याकडे गेलं असतं. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी. "अहो, जरा पळवा ना!" मी टॅक्सीवाल्यावर ओरडलो, आणि तो आरशात बघून मऊ आवाजात म्हणाला, "कोण अडमिट आहे काका?" मी म्हणालो, "अजून कुणी नाही."

गेटवर माझाही फोन काढून घेतला. आत दूरवर बार वाजत होते, एक, मग दोन सलग, मग शांतता, आणि प्रत्येक शांततेत मी किंकाळी ऐकायला थांबत होतो. मी धावलो. या वयात माणूस धावतो म्हणजे नुसता हलतो. शेवटच्या ओळीत व्याही उभे होते, गळ्यात रुमाल, घामाने लालबुंद, आणि ते मला बघताच दोन्ही हात पसरून म्हणाले, "या, या! परीक्षक साहेब स्वतः आले! बारा उडवली, बारा! नुसती लोण्यासारखी चालतेय हो तुमची एक्याण्णव!" आसपासची चार माणसं वळून बघायला लागली, व्याह्यांनी त्यांनाही सगळी कुंडली ऐकवली असणार. जावई पुढे उभे होते. बंदूक त्यांच्या हातात होती, मिटलेली, म्हणजे भरलेली, आणि त्यांचा डावा हात नळ्यांच्या खाली होता.

"मोडा ती," मी म्हणालो. "काडतुसं काढा." त्यांनी बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीपाशी उघडली, कारण ते आज्ञाधारक आहेत, पण काडतुसं काढली नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. मी नळ्यांवर हात फिरवला. डाव्या नळीवर, काडतुसाच्या जागेपासून वीतभर पुढे, बोटांना गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा लागला. नळी आतून फुगायला लागली होती. "हे बघा. हात लावा इथे. ही फाटणार आहे." व्याह्यांनी अंगठा फिरवला. "कुठे काय? मला नाही लागत. आणि असेल तर आधीपासूनच असेल की." "ही काळ्या दारूची आहे. नायट्रोची नाही. मी खूण उलटी वाचली." "उलटी म्हणजे?" "उलटी म्हणजे उलटी! पट्टी उलटी लागली. ते एक्याण्णव नाही, सोळा आहे." माझा आवाज चिरकला. व्याह्यांचं हसू हळूहळू मावळलं, पण भीतीने नाही, दुखावल्यामुळे. "असं कसं व्याही? तुम्ही स्वतः सांगितलंत. तुमची सही आहे. मी सगळ्यांना सांगून बसलोय." मग त्यांनी मला समजून घेतलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून ते हलक्या आवाजात म्हणाले, "निवृत्ती जवळ आली की होतं असं. धंदा सोडताना माझंही झालं होतं. गॅस बंद केला का म्हणून दहादा उठायचो. बसा, पाणी घ्या." जावयांनी बंदूक मिटली. "बाबा, एवढे दोन बार होऊ देत, भरलेलेच आहेत. मग घरी जाऊन शांतपणे बघू आपण."

तीस वर्षं मी हेच कमावलं होतं, की माझ्या शब्दावर कुणी शंका घेऊ नये. आता मी स्वतः घेतली तरी कुणी ऐकेना. माझा लिहिलेला शब्द माझ्यापेक्षा खरा झाला होता. मी जावयांचं मनगट धरलं. "डॉक्टर," मी म्हणालो. त्यांना मी कधी डॉक्टर म्हणत नाही. "तुम्ही तपासा मला. इथेच. उजवा डोळा झाकतो. बोटं दाखवा." "अहो बाबा, काय हे." "दाखवा!" मी तळव्याने उजवा डोळा झाकला. दूध. पांढरं, दाट, बाहेर ऊन होतं म्हणून थोडं पिवळसर. त्यात एक काळपट काहीतरी हलत होतं, ते जावई असावेत. "किती?" त्यांनी विचारलं. मला दिसत नव्हतं. मी खोटं बोलायचं नाही एवढंच ठरवलं होतं, पण सवय कुठे जाते. "तीन," मी म्हणालो. मी हात काढला. जावयांचे दोन्ही हात बंदुकीवर होते. त्यांनी बोटं दाखवलीच नव्हती.

त्यांनी बंदूक मोडली, दोन्ही काडतुसं बाहेर काढली आणि खिशात टाकली. मग नळीवर बोट फिरवलं, थांबले, परत फिरवलं. त्यांना लागलं. चेहर्‍यावरचं रक्त उतरताना मी उजव्या डोळ्याने नीट पाहिलं. "अण्णा," ते वडिलांना म्हणाले, "हात लावा इथे." व्याह्यांनी हात लावला नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू जाणार नाही इतका खाली आला. "माझ्या पोराच्या हातात दिलीत तुम्ही ही." मी हो म्हणालो. आत कुठेतरी एक दार उघडल्यासारखं झालं होतं आणि मला वाटलं, झालं, संपलं, हात वाचला. आता काय ती नाचक्की होईल, होऊ दे. मी बाकावर बसलो. रडू येत होतं आणि तेही चाललं असतं.

जावई माझ्या शेजारी येऊन बसले. दवाखान्यात विचारतात तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाबा, हा डोळा कधीपासून?" "तीन वर्षं." त्यांनी खिशातली काडतुसं चाचपली. मग म्हणाले, "आणि या तीन वर्षांत तुम्ही रोज..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. मला माझ्या वह्यांची कपाटातली रांग दिसली, प्रत्येक पानावर पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली माझी सही, आणि त्या पट्ट्यांतली कुठली सुलट आणि कुठली उलट हे मला कुणी गळ्यावर सुरी ठेवून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. शेजारच्या ओळीत एक तरुण बाई उभी होती. तिच्या हातात जुनी दुनळी होती, दस्त्याला पितळी पट्टी ठोकलेली. ती बंदूक माझ्या टेबलावरून गेली होती का? पितळी पट्टी आठवत होती, आणि आठवतही नव्हती. तिने बंदूक मिटली. खांद्याला लावली. डावा हात पुढे सरकवून नळ्यांखाली नीट बसवला.

मी उठलो आणि जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडलो, "थांबा!" जावई उठले, व्याही वळले, पलीकडचा रखवालदार धावत यायला लागला. तिने मान वळवली नाही. तिच्या कानांवर बारांचा आवाज अडवणारी टोपणं होती.